दोन बुटके घोडे आणि बाराशे डॉलरचं छप्पर

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आकडे भराभर निघून जातात, म्हणून बऱ्याच जणांनी मागितलं होतं. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

 

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू येईल. एरवी इथे आपण पगार, इंटरव्ह्यू आणि प्रॉडक्शनला पडलेले सर्व्हर यांवर बोलतो. आज बोलणार आहे मिनिएचर घोड्यांसाठी मोकळ्या कुरणात स्वस्तातला निवारा कसा निवडायचा यावर. हसून झालं? चला मग.

थोडं सांगतो कुठून आलं हे. मी सध्या अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियाच्या दक्षिण भागात एका जुन्या फार्मवरच्या घरात भाड्याने राहतो. घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांच्याकडे दोन मिनिएचर घोडे आहेत. पर्ल ही पांढरी घोडी, तब्येतीने गुटगुटीत, स्वभावाने दादा. आणि बिस्किट, चोवीस वर्षांचा खच्ची घोडा, दात झिजलेले, जरा हाडकुळा. त्यांचं जुनं लाकडी छप्पर इतकं कुजलं होतं की उन्हाळ्याच्या शेवटी ते पाडावं लागलं. थंडी यायला दोन महिने. हातात बजेट 1,200 डॉलर, त्याच्या वर एक डॉलर नाही. आणि नाही जमलं तर बिस्किटला दुसऱ्या कुणाच्या तरी तबेल्यात पाठवायचं, असं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. त्या वयाचा घोडा, आयुष्यभराच्या सोबतिणीपासून वेगळा करायचा. मला म्हणाल्या, तू इंजिनिअर आहेस ना, मग बघ काय होतंय. आता मी सॉफ्टवेअरवाला, पण बीटेकच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच मेकॅनिक्स असतं, आणि तेवढ्यावर बरंच निभतं.

आधी प्राणी समजून घेऊ. मिनिएचर घोडा म्हणजे शिंगरू नव्हे. तो पूर्ण वाढलेला घोडाच असतो, फक्त पिढ्यान्पिढ्या बुटके घोडे निवडून तयार केलेला. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन 1978 मध्ये सुरू झाली, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे उंची 34 इंचांच्या वर जाता कामा नये. म्हणजे साधारण 86 सेंटिमीटर, आपल्या डायनिंग टेबलापेक्षा चार बोटं उंच. मजा म्हणजे ही उंची मोजतात आयाळीच्या शेवटच्या केसापाशी. वजन शंभर किलोच्या आगेमागे.

आता इथेच घोळ होतो. आकार बघून लोकांच्या डोक्यात येतो कुत्रा. मग मोठ्या कुत्र्याचं घर, बागेतली खोपटी, प्लास्टिकचं काहीतरी गोंडस, लाल रंगाचं, बारीक खिडकी असलेलं. पण आत राहणारं जनावर घोड्यासारखंच वागतं. त्याला कोंडून घेणं आवडत नाही. त्याला धोका दिसला की पळायला वाट लागते. तो लाथ मारतो, लाकूड कुरतडतो, भिंतीला पाठ घासतो. आणि दोघं असले तर एक जण दादागिरी करतोच.

मग प्रश्न येतो, निवारा नक्की कशापासून हवा? मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा सगळ्यांचं उत्तर एकच, थंडीपासून. आपण पुण्या-मुंबईची माणसं, आपल्याला शून्य अंश ऐकूनच हुडहुडी भरते. पण घोड्याचं गणित निराळं आहे. हिवाळी केस पूर्ण वाढलेल्या, धडधाकट मोठ्या घोड्याला साधारण उणे 8 अंश सेल्सिअसपर्यंत शरीर गरम ठेवायला जादा कष्ट घ्यावे लागत नाहीत. इथल्या कृषी विस्तार खात्यांच्या माहितीपत्रकांत हा आकडा 18 फॅरनहाइट असा देतात. आणि तोच घोडा भिजला, किंवा त्याच्या अंगावर उन्हाळी आखूड केस असले, तर तो आकडा थेट 5 अंश सेल्सिअसवर येतो. बघा म्हणजे, कोरडा घोडा आणि ओला घोडा यांत तेरा अंशांचा फरक. केस उभे राहतात, त्यांच्या मध्ये हवा अडकते, तीच त्याची रजई. पाऊस पडला की केस चिकटतात, रजई संपली. वारा सुटला की अडकलेली हवा उडून जाते, तरी संपलीच.

आतून हीटर वेगळाच चालू असतो. वाळलेलं गवत खाल्लं की त्यातला चोथा मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्यातून उष्णता तयार होते. म्हणून इथे थंडीच्या रात्री जाणते लोक घोड्याला धान्य नाही, गवत वाढवून देतात. मिनिएचरला मात्र हातचं राखून, कारण ही मंडळी बघता बघता लठ्ठ होतात आणि मग खुरांच्या आतली सूज, लॅमिनायटिस, मागे लागतो.

दोन गोष्टी मात्र लहान घोड्याच्या विरोधात जातात. एक म्हणजे भूमिती. शरीर लहान झालं की वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ वाढतं, उष्णता लवकर निघून जाते. त्यांचे केस दाट असतात, त्यामुळे बरीच भरपाई होते, पण बिस्किटसारख्या म्हाताऱ्या, अंगावर चरबी नसलेल्या घोड्याला वरचे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे नाक. मुतानं भिजलेल्या अंथरुणातून अमोनिया निघतो आणि तो जमिनीलगत सगळ्यात तीव्र असतो. मोठ्या घोड्याचं नाक पाच फुटांवर, याचं दोन-अडीच फुटांवर. चारही बाजूंनी बंद, उबदार, गोंडस खोपट्यात तो रात्रभर तीच हवा ओढत बसतो.

तर आमची रिक्वायरमेंट तयार झाली. वरून पाणी नको, वाऱ्याची थेट झोड नको, खाली चिखल नको, हवा खेळती हवी, आणि दोघांनाही कधीही बाहेर पडता आलं पाहिजे. दार या यादीत कुठेच नाही. चौथी भिंतही नाही. इथे याला रन-इन शेड म्हणतात, तीन भिंती आणि एका बाजूला उतरतं छप्पर. आपल्या कोकणातल्या घराची पडवी सुटी करून कुरणात नेऊन ठेवली तर जसं दिसेल, तसंच.

आता बाजारात काय मिळतं ते बघू.

पहिला रस्ता सरळ. पेन्सिल्व्हेनियात आमिश समाजाचे सुतार तयार शेड बनवतात, खाली दोन जाड लाकडं लावलेल्या, ट्रकवरून येतात आणि ओढत नेऊन जागेवर ठेवतात. काम सुंदर. पैसे असतील तर डोळे मिटून हेच घ्या, पुढचा भाग ऐकूही नका. आम्हाला सगळ्यात लहान मापाची किंमत साडेतीन हजारांच्या वर सांगितली गेली, वाहतूक वेगळी. विषय संपला.

दुसरा, वासरांसाठीचे प्लास्टिकचे हच. डेअरी फार्मवर रांगेने पांढरे इग्लू दिसतात ना, ते. एकट्या, शांत मिनिएचरसाठी काही लोक वापरतात आणि त्यांचं चालतं. पण त्याचं तोंड अरुंद. पर्ल दारात आडवी उभी राहिली की बिस्किट एकतर आत कोंडला, नाहीतर बाहेर भिजला. दोन हच घ्यायचे तर ती दोन्हींवर हक्क सांगणार. मी तिला ओळखतो.

तिसरा पर्याय इंटरनेटवरचा सगळ्यात लाडका. कॅटल पॅनल, म्हणजे जाड तारेची 16 फूट लांब, 50 इंच रुंद जाळी. ती कमानीसारखी वाकवायची, दोन्ही टोकं लाकडी चौकटीत अडकवायची, वरून ताडपत्री. दोनशे-तीनशे डॉलरमध्ये बोगदा तयार. व्हिडिओत इतकं सोपं दिसतं की मीही एक संध्याकाळ त्यातच घालवली. शेळ्यांसाठी, कोंबड्यांसाठी झकास आहे. पण त्या जाळीची भोकं साधारण सहा बाय आठ इंचांची असतात, आणि मिनिएचरचा खूर त्यातून आरामात आरपार जातो. घोडा लोळला, पाय अडकला, घाबरून ओढला, तर काय होईल ते सांगायला नको. आतून फळ्या मारल्या तर तो धोका जातो, पण मग स्वस्तपणाही जातो. शिवाय ताडपत्री वाऱ्यात फडफडते, घोडे बिचकतात आणि आत जायलाच तयार होत नाहीत. उन्हाने ती दोन-तीन वर्षांत विरते. आणि बर्फ! कमान मध्यभागी सपाट होत जाते, तिथे बर्फ साचतो, ताडपत्रीची झोळी होते.

चौथा, मला सगळ्यात जास्त मोह पडलेला, म्हणजे कुणाची तरी जुनी गार्डन शेड. लोक घर विकताना अशा शेड फुकटात देतात, फक्त उचलून न्या म्हणतात. एक बाजू कापली की झालं, असं वाटतं. पण ती बाजू नुसती भिंत नसते, छपराचा भार तिच्यावर असतो. ती कापायची तर तेवढ्या लांबीची जाड आडवी तुळई वर बसवावी लागते, दोन्ही टोकांना खांब द्यावे लागतात. आणि तळाला प्लायवूड असतं, ते खुरांनी आणि मुतानं वर्षा-दोन वर्षांत कुजतं. जमीनच बरी. थोडक्यात, फुकटची शेड उचलून आणणं, तळ काढणं, भिंत काढणं, तुळई घालणं हे सगळं केल्यावर तुम्ही जवळपास नवीन शेडच बांधलेली असते. जुन्या कोडबेसचं असंच होतं, पण ते राहू दे.

मोटारींसाठीचे पत्र्याचे कारपोर्टही बघितले. सांगाडा चांगला, पण तीन बाजूंना पत्रा मारावा लागतो आणि पत्र्याची खालची कड ही या सगळ्यातली सगळ्यात वाईट जागा. घोडा लोळताना खूर त्या कडेखाली सरकतो आणि ओढला की चाकूसारखं कापतं. पत्रा छपराला, भिंतीला नको, एवढं तरी मनात पक्कं करा.

मग आम्ही बांधायचं ठरवलं. आठ फूट खोल, बारा फूट रुंद. दोन मिनिएचरना ही ऐसपैस जागा आहे, आणि मुद्दाम ऐसपैस ठेवली, कारण रुंदीची पूर्ण बारा फुटांची बाजू उघडी. पर्ल एका टोकाला उभी असली तरी बिस्किटला दुसऱ्या टोकाने आत येता येतं, बाहेर जाता येतं. गवताच्या जाळ्याही दोन, दोन टोकांना.

उंची घोड्याच्या मापाने ठरवायची नसते. रोज आत जाऊन लीद उचलणाऱ्या माणसाच्या मापाने ठरवायची. पुढे आठ फूट, मागे सहा फूट. घोड्यांना चार-साडेचार फूट पुरले असते, पण सत्तरीतल्या बाई वाकून फावडं मारणार का? वाकावं लागलं की साफसफाई एक दिवसाआड होते, मग आठवड्याने होते, आणि अमोनियाचं मघाशी सांगितलंच. पुढे-मागे दोन फुटांचा फरक आणि खोली आठ फूट, म्हणजे फुटाला तीन इंचांचा उतार. पत्र्याच्या छपराला एवढा उतार चांगला, पाणी आणि बर्फ मागच्या बाजूला जातं, पागोळ्या दारात गळत नाहीत.

वासे किती जाडीचे? मी दर चौरस फुटाला 30 पौंड बर्फ धरला. 96 चौरस फुटांना 2,880 पौंड, म्हणजे तेराशे किलो. एखादी स्विफ्ट छपरावर पार्क केल्यापेक्षा जास्त. हे गणित मी बाईंना कागदावर करून दाखवलं, तेव्हा ताडपत्रीचा विषय कायमचा बंद झाला. दोन बाय सहाचे वासे, दोन-दोन फुटांवर, आणि पुढच्या बाजूला मधोमध एक खांब. तो खांब नको होता, पण त्याच्याशिवाय पुढची तुळई फारच महाग जात होती. खांबाच्या कडा तासून गोल केल्या.

मागच्या भिंतीच्या माथ्याला, वळचणीखाली, वाशांमधली फट तशीच उघडी ठेवली. गरम दमट हवा तिथून निघून जाते. वारा घोड्यांच्या डोक्यावरून जातो, त्यांच्या अंगाला लागत नाही. इथे बुटकेपणाचा फायदा!

तोंड कुठे करायचं? इथे हिवाळ्यातला बोचरा वारा पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो. म्हणून तोंड आग्नेयेला. सकाळचं ऊन आत येतं, पाठ वाऱ्याकडे. तुमच्या जागी वारा वेगळा असेल. फोनवरच्या हवामानाच्या ॲपवर भरवसा ठेवण्यापेक्षा आठवडाभर कुरणात एक फडकं काठीला बांधून बघा. झाडांची रांग, कोठार, टेकाड, सगळं वाऱ्याची दिशा वळवतं.

आता जमीन. मला विचाराल तर सगळा विषय इथे आहे, आणि सगळ्यात कमी लोक इथे पैसे खर्च करतात. जुनी शेड फाटकाजवळ होती, सोयीची जागा, पण सखल. कुरणातलं सगळं पाणी तिथे यायचं. म्हणूनच तर लाकूड कुजलं. नवीन जागा शंभर पावलं वर, चढावर घेतली. वरची माती खरवडली, जाड कापडासारखं जिओटेक्सटाइल अंथरलं, त्यावर चार इंच खडी आणि वरून दगडाची बारीक भुकटी. शेडच्या भोवती फूटभर जास्त धरून दहा बाय चौदा फूट. खडी पावणेदोन घनयार्ड लागली. ते कापड वगळायचा मोह होतो, कारण ते कुणाला दिसत नाही. वगळलंत तर दोन पावसाळ्यांत खडी चिखलात बुडते आणि तुम्ही पुन्हा खडी आणायला जाता.

भिंतींना आतून तीन फुटांपर्यंत जाड ओकच्या फळ्या, लाथा झेलायला. एका बंद पडलेल्या कोठारातून स्वस्तात मिळाल्या. जुनं लाकूड घेताना एक सांभाळा. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडाला आर्सेनिक असलेली सीसीए प्रक्रिया 2003 अखेरपर्यंत चालायची. हिरवट झाक असलेल्या जुन्या फळ्या आणि रेल्वेचे जुने स्लीपर कुरतडणाऱ्या घोड्याच्या तोंडापाशी नकोत. तसंच अंथरायला भुसा घेताना त्यात काळ्या अक्रोडाचं लाकूड नाही याची खात्री करा. त्याच्या ताज्या भुशावर नुसतं उभं राहूनसुद्धा घोड्याला लॅमिनायटिस होऊ शकतो. सुतारकामाच्या दुकानातून फुकट मिळालेल्या पोत्यात काय काय मिसळलंय ते कुणाला ठाऊक? भुसा विकतच घ्या.

सगळं झाल्यावर मी शेडमध्ये गुडघ्यांवर बसून फिरलो. खरंच. त्यांचे डोळे ज्या उंचीवर आहेत तिथून बघितल्यावर दोन खिळ्यांची टोकं आणि एका कंसाची धारदार कड सापडली. उभं राहून दिसलीच नसती.

आणि नांगर. तीन भिंतींची शेड म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने छत्री. लहान शेड हलकी असते, त्यामुळे तिला जास्त भीती. चारही कोपऱ्यांत जमिनीत स्क्रूसारखे फिरवून घालायचे अँकर, त्यांना लोखंडी पट्ट्यांनी सांगाडा बांधलेला. परवानगीचं म्हणाल तर तुमच्या टाउनशिपला फोन करून हद्दीपासून किती फूट आत ठेवायचं ते विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

हिशेब. लाकूड साधारण 560 डॉलर, छपराचा पत्रा आणि स्क्रू 270, खडी, भुकटी आणि कापड मिळून 210, अँकर आणि पट्ट्या 90, ओकच्या फळ्या 50. एकूण 1,180. मजुरी म्हणजे मी, माझा रूममेट आणि तीन वीकेंड. मजुरी विकत घ्यायची असेल तर हा हिशेब कोलमडतो, आणि मग त्या आमिश सुताराकडेच जा, खरंच सांगतो.

डिसेंबरमध्ये पहिला गोठणारा पाऊस झाला. तापमान शून्याच्या जरासं खाली, थेंब पडला की तिथेच काच. सकाळी टॉर्च घेऊन गेलो तर बिस्किट आत, कोरडा, गवत चघळत. मानेखालच्या केसांत हात घालून बघितला, आतून गरम. पर्लसुद्धा आत, पण खांबाच्या तिच्या बाजूला. दोघांनी शेडची वाटणी करून घेतली आहे.

पुढच्या आठवड्यात मात्र नुसता कोरडा बर्फ पडला, तेव्हा ती बाई बाहेर! पाठीवर तीन बोटं बर्फ, वितळलेला नाही. वितळत नव्हता म्हणजे अंगातली ऊब केसांच्या आतच राहत होती. घरमालकीणबाईंनी खिडकीतून बघितलं आणि मला मेसेज केला, एवढं करून ही बाहेरच उभी आहे. मी लिहिलं, राहू दे, तिला हवं तेव्हा जाईल आत.

तुमच्यापैकी कुणाच्या गावाकडे तट्टू असतील, विशेषतः माथेरान, महाबळेश्वरच्या पावसात, तर त्यांच्यासाठी छप्पर कसं करतात ते व्हॉइस नोट करून पाठवा. तिकडे बर्फ नाही पण पाऊस इथल्या कितीतरी पट, आणि वारा दरीतून वर येतो. छपराचा उतार किती ठेवतात हे मला ऐकायचंय. चला, भेटू पुढच्या रविवारी.